हात राखून युरोप



मी सातवी शिकलेली बाई. मोठे विचार मांडणे मला साधणार नाही. पण आम्हां चौघीजणींचा येत्या वैशाखात आगगाडीने युरोप पाहण्याचा बेत आहे, त्याचा हिशेब आपल्यापुढे ठेवते.

आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. सहलीच्या बसबरोबर आपले पाऊल पडणार नाही, म्हणून तिने आपले नाव मागे घेतले होते. तेव्हा ठरले की, तिला जमेल तोच सर्वांचा वेग. ती येणार नसेल तर कोणीच जायचे नाही.

आमचा मार्ग असा : म्युनिक ३ रात्री, साल्झबुर्ग ३, व्हिएन्ना ५, बुडापेस्ट ३, प्राग २ आणि परत म्युनिक. म्युनिक ते साल्झबुर्ग जायला ‘बायर्न तिकीट’ मिळते. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येते. मात्र गाडी साधी हवी, जलद नको, आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर निघावे लागते. उरलेल्या चार प्रवासांना युरेल पास. महिनाभरात आपल्या पसंतीचे चार दिवस निवडायचे. पासाचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री, त्यात कितीही गाड्या बदला. घरी बसलो तर तो दिवस खर्ची पडत नाही. गुडघे दुखले की मुक्काम एक दिवस वाढवायचा.

आधी काढलेली तिकिटे पुष्कळदा पासाहून स्वस्त पडतात, हे खरे. पण अगदी स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेले असते. गाडी चुकली की पैसे गेले. दोन्ही बेरजा शेजारी मांडून आम्ही पास निवडला. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना जागा राखणे सक्तीचे नाही. फ्रान्स, इटली, स्पेन येथल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. म्हणून ते देश यंदा वगळले.

शेंगेन व्हिसाचा अर्ज, जेथे मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे करायचा. आमच्या आठ रात्री ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज तिकडे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नये. विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. खोल्या, मुदतीत रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशाच घ्याव्यात.

पैशांचे तीन डबे केले आहेत. पहिल्यात विमान, व्हिसा, पास, खोल्या. दुसऱ्यात रोजचा खर्च. तिसरा अडीअडचणीचा, तो चौघींच्या संमतीवाचून उघडायचा नाही. हंगेरीत फोरिंट आणि चेक देशात कोरुना चालतो, तेवढी मोड वेगळी. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद, म्हणून पाव, दूध, फळे शनिवारीच आणावीत. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. बाटली बरोबर असली की झाले. हमालाच्या भरवशावर राहू नये. स्वतःला उचलवेल एवढेच सामान घ्यावे.

भगिनींनो, महिनाअखेरीस घर चालवणारी बाई हात राखून खर्च करायला आधीच शिकलेली असते. तेच येथे कामी येते. मागे घेतलेले ते नाव आता आमच्या यादीत सर्वांत वर आहे. आपल्यापैकी कोणाला हा हिशेब हवा असल्यास वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे.