दारफाळणीच्या दिवशीचा पेपर

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

माझी सगळी उमर इतिहास शिकवण्यात गेली, म्हणून मी मागचंच सांगणार आहे.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचून आले, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावं आम्हाला शनिवार तेली म्हणू लागली. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आमची आडनावं. घरात मराठीच बोलतो. आणि हा शनिवार तेल्याचा मुलगा शिकायला गेला मुंबईच्या विल्सन कॉलेजात, स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभ्या केलेल्या.

जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत इंग्रजी शाळा काढली, तिचंच पुढे हे कॉलेज झालं. त्याच वर्षी त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, आमच्या लोकांसाठी. तोवर आमच्यातली बहुतेक माणसं हिब्रू विसरली होती. विल्सनना आम्हाला ख्रिस्ती करायचं होतं, आणि हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. 1839 मध्ये त्यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत केवढं वादळ उठलं! प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. आमच्यातून मात्र ख्रिस्ती झाले फार थोडे. हिब्रू हाती आली तसे लोक आपलीच प्रार्थना वाचू लागले. आमच्यातल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी त्या प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली. त्याच वर्षी विल्सन वारले. मला या माणसाबद्दल आदर आहे. त्यांनी विद्या दिली आणि ती घेणाऱ्यानं तिचं काय केलं हे त्यांच्या हातात राहिलं नाही. शिक्षण असंच असायला हवं, असं मी मानतो.

पुढे विल्सन कॉलेजात आमच्यातलेच मोझेस इझिकेल वनस्पतिशास्त्र शिकवत होते. त्यांचे चिरंजीव निस्सिम तिथेच शिकले आणि कवी म्हणून जगभर गेले. 1983 मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माझ्या वेळची गोष्ट सांगतो. आमचा एक सण आहे, दारफाळणीचा. बाहेरचे ज्यू त्याला योम किप्पुर म्हणतात. त्या दिवशी कडकडीत उपास, काम बंद. जुन्या काळी आमची माणसं घराची दारं लावून आत बसत. एका वर्षी त्याच दिवशी सहामाहीचा पेपर आला. वर्गात ज्यू मी एकटा. एका ख्रिस्ती प्राध्यापकांना जाऊन सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला नाही, धर्मावर प्रश्न विचारला नाही. “सोमवारी ये,” एवढंच म्हणाले. सोमवारी गेलो तर माझ्या एकट्यासाठी त्यांनी स्वतः नवी प्रश्नपत्रिका काढून ठेवली होती.

नोकरीला मी विदर्भात आलो. एका कॉलेजात त्याच सणासाठी रजा मागितली, तर उत्तर आलं, “सुट्ट्यांच्या यादीत हा सण नाही.” मी पंचांग नेलं, माझ्या समाजाच्या संस्थेचं पत्र नेलं. शेवटी बिनपगारी रजा टाकली. पैशांचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की स्टाफरूममध्ये मला रोज समजावून सांगावं लागलं, ज्यू म्हणजे काय आणि मी मराठी कसा बोलतो. महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली ती 2016 मध्ये. तोवर आमचे बहुतेक लोक इस्रायलला निघून गेले होते.

आणि हा मास्तरकीचा धंदा! आता इतिहासाच्या जागा रिकाम्या राहतात आणि नेट-सेट झालेली पोरं तासिका तत्त्वावर राबतात. तासाचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. मी अभ्यासक्रमाच्या एका बैठकीत कोकणातल्या ज्यूंवर एक प्रकरण सुचवलं होतं. “यावर प्रश्न येणार नाही,” असं म्हणून ते काढलं गेलं. परीक्षेला येत नाही ते शिकवायचं नाही, हे ज्या दिवशी मास्तरांनी मान्य केलं, त्या दिवशी आमचा विषय मेला. याचा राग माझ्या मनातून जात नाही आणि जाऊही नये.

विल्सनसारखंच नागपूरचं हिस्लॉप कॉलेज तुम्हाला माहीत आहे. तेही स्कॉटिश मिशनचं, 1883 चं. ज्यांच्या नावानं ते आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी आणि भूगर्भशास्त्रज्ञही. विदर्भातले दगड, जीवाश्म, गोंड लोकांची माहिती असं काय काय त्यांनी गोळा केलं. 1863 मध्ये नदीच्या पुरात ते बुडाले. त्या कॉलेजातून आपल्याकडची किती घरं शिकली, जात-धर्म कोणताही असो!

हे सगळं पाहिलं, म्हणून माझी एकच मागणी आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा करणार. वर्गात एकट्या असलेल्या मुलाला आपलं वेगळेपण सिद्ध करायला लावू नका. आपलं वरठी हे रेल्वेचं आणि कारखान्याचं गाव. भंडारा रोड स्टेशनवर उतरून सनफ्लॅगच्या कारखान्यात कामाला लागलेली माणसं कुठून कुठून आली आहेत. त्यांची मुलं तुमच्या शेजारी बसली. त्यातल्या कुणाचा सण कोणता, हे तुम्हाला ठाऊक आहे? तुमच्याबरोबरच्या गोंड मुलीच्या घरचा? तुमच्यातले बरेच जण बी.एड. करून शाळांत जातील. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात पोरांना विचारा, त्यांच्या घरी कोणता दिवस मोठा. एका वहीत तो लिहून ठेवा, आणि परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लावण्याआधी ती वही हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवा. ते नाही म्हणाले तर नवी प्रश्नपत्रिका तुम्ही काढा.