कळेल असं, सर्वांसाठी

खुलताबाद हे तालुक्याचं ठिकाण. वारसनोंद, फेरफार, उत्पन्नाचा दाखला अशा कामांसाठी गावोगावचे लोक इथल्या तहसील कार्यालयात येतात. हाती पडलेलं पत्र नीट समजलं, तर त्यांचा हेलपाटा वाचतो.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४चा. त्याने कारभाराला मराठीचा पाया दिला. पण मराठी पत्रही अवघड असू शकतं. ‘उपरोक्त विषयान्वये आवश्यक कागदपत्रांची पूर्तता करण्यात यावी’ असं लिहिण्याऐवजी ‘आधार कार्ड आणि सातबारा घेऊन सोमवारपर्यंत या’ असं लिहिलं, की काय आणायचं, कधी यायचं हे लगेच कळतं.

स्पष्टतेइतकाच सन्मानही महत्त्वाचा.

राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२०मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम ठरला. रोजच्या परिपत्रकातही ‘कर्मचारी बंधूंनी’ऐवजी ‘सर्व कर्मचाऱ्यांनी’ लिहिलं, की महिला सहकारी वगळल्या जात नाहीत.

कार्यालयात लिहिणाऱ्या प्रत्येकाने पत्र पाठवण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचावं. अडखळायला झालं, तर ते वाक्य तोडून पुन्हा लिहावं.