भांडे कसे निवडावे? : स्वयंपाकघर आणि आरोग्य

(वार्षिक सभेच्या निमित्ताने रुग्णालयाच्या आहार विभागातर्फे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



रुग्ण बरा होऊन घरी जाण्यास निघतो, तेव्हा त्याचे नातेवाईक आम्हांला पथ्याविषयी अनेक प्रश्न विचारतात. तेल किती, मीठ किती, भात चालेल का, हे प्रश्न नित्याचेच आहेत. मात्र त्यांच्या जोडीला एक प्रश्न आता हमखास येतो : ‘नॉनस्टिकची भांडी वापरावीत की टाकून द्यावीत?’ एकीकडे हृदयरोग्याला कमी तेलात स्वयंपाक हवा असतो. दुसरीकडे कानावर आलेले असते की त्या काळ्या थरात विष आहे. बाजारात ‘बिनविषारी’, ‘पर्यावरणस्नेही’ अशी लेबले लावलेली महागडी भांडीही दिसतात. या संभ्रमात सामान्य कुटुंबाचा पैसा वाया जाऊ नये आणि आरोग्यालाही धोका पोहोचू नये, या हेतूने आजचा विषय आम्ही निवडला आहे.

रुग्णालयाने भांड्यांविषयी का बोलावे, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर आपल्या पुण्यातच सापडते. लहान बालकांचे यकृत निकामी करणारा ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ नावाचा एक आजार आपल्याकडे होता. एक ते तीन वर्षांची मुले त्याने दगावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या रोगाच्या कारणांचा पाठपुरावा केला. रुग्ण बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय जास्त आढळले. अशा पुष्कळ बालकांना तान्हेपणीच गाईम्हशीचे वरचे दूध सुरू झाले होते आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवले जात होते. भांड्यातील तांबे दुधात आणि दुधातून बालकाच्या यकृतात जात असावे, हा निष्कर्ष १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. मातांना भांडे बदलण्यास आणि अंगावरचे दूध पाजण्यास सांगितले गेले, घरोघरी स्टीलही आले, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

या इतिहासातून आम्ही एक गोष्ट शिकलो. पितळेचे पातेले काही मुळात विषारी नव्हते. कित्येक पिढ्या त्यात जेवल्या. कल्हई नसलेले पितळ, त्यात राहिलेले दूध आणि तान्हे बालक, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा घात झाला. म्हणून कोणत्याही भांड्याविषयी तीन प्रश्न विचारावेत. अन्नाला लागणारा पृष्ठभाग कशाचा आहे? त्यात कोणता पदार्थ, किती वेळ राहणार आहे? आणि ते किती तापणार आहे?

हेच तीन प्रश्न आता नॉनस्टिकला लावून पाहू. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञास १९३८ साली पीटीएफई हा पदार्थ योगायोगाने सापडला. ‘टेफ्लॉन’ या नावाने तो पुढे जगाला परिचित झाला. १९५४ साली मार्क ग्रेगवार या फ्रेंच अभियंत्याने पत्नीच्या सूचनेवरून त्याचा थर ॲल्युमिनियमच्या तव्यावर बसवला. १९५६ साली त्यातून टेफल ही कंपनी उभी राहिली. हा थर इतका निष्क्रिय असतो की त्याचा बारीक कण पोटात गेला, तरी तो न पचता तसाच बाहेर पडतो. तेव्हा खरवडलेल्या तव्यावर केलेले एखादे धिरडे खाल्ले, म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही.

खरा धोका आचेचा आहे. सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा थर बिघडू लागतो आणि साडेतीनशे अंशांपलीकडे त्याचे विघटन वेगाने होऊन विषारी वायू बाहेर पडतात. त्यांच्या श्वसनाने माणसाला थंडी-तापासारखा आजार होऊ शकतो. घरातील पिंजऱ्यातले पोपट किंवा लव्हबर्ड तर त्या धुराने मरतात. भाजीत पाणी आहे तोवर तिचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते, त्यामुळे शिजवताना भीती नाही. परंतु रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला, तर तो काही मिनिटांतच या मर्यादेपर्यंत पोहोचू शकतो. आपल्या स्वयंपाकात कडकडीत फोडणी, दाण्यांचे भाजणे, भाकरीसाठी रसरसून तापवलेला तवा हे सारे नित्याचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर अधिक सावध मर्यादा सांगितली आहे : नॉनस्टिक भांडे १७० अंशांवर तापवू नये, रिकामे आचेवर ठेवू नये आणि थर झिजल्यावर वापरू नये. तेव्हा धिरडी, आंबोळ्या, ऑम्लेट मंद आचेवर करण्यास नॉनस्टिक चालेल. भाकरी, भाजणे आणि फोडणी यांसाठी नको.

आता ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दाकडे वळू. नॉनस्टिकचे सर्वांत मोठे मोल स्वयंपाकघराने नव्हे, तर कारखान्याच्या शेजाऱ्यांनी मोजले आहे. टेफ्लॉन तयार करताना पीएफओए नावाचे रसायन वापरले जाई. तयार तव्यात त्याचा अंश नगण्य राही. पण वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्ग शहराजवळच्या ड्यूपॉन्टच्या कारखान्यातून ते आसपासच्या पाण्यात गेले. एका शेतकऱ्याची गुरे मरू लागली, तेव्हा रॉबर्ट बिलॉट या वकिलाने १९९९ साली दावा दाखल केला. पुढे तेथील सुमारे ६९ हजार रहिवाशांची तपासणी झाली. या रसायनाचा मूत्रपिंड व वृषणाच्या कर्करोगाशी, थायरॉइडच्या विकारांशी, मोठ्या आतड्याच्या एका दाहक रोगाशी, वाढलेल्या कोलेस्टेरॉलशी आणि गरोदरपणातील रक्तदाबाशी संबंध संभवतो, असा निर्वाळा तज्ज्ञ समितीने २०१२ पर्यंत दिला. २०१९ साली स्टॉकहोम करारान्वये या रसायनावर जागतिक निर्बंध आले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले.

ही केवळ परदेशातील कथा नव्हे. याच कुळातील रसायने, ज्यांना ‘पीफास’ म्हणतात, निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. इटलीत व्हिचेन्झाजवळ ती बनवणारा एक कारखाना भूजल दूषित केल्याच्या प्रकरणानंतर २०१८ साली दिवाळखोरीत निघून बंद पडला. त्याची यंत्रसामग्री पुढे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. ही रसायने केवळ तव्यांसाठी नसतात, हे खरे. परंतु आपण काय विकत घेतो, त्याचा कोणाच्या तरी विहिरीशी संबंध असतो, एवढे ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून अशी रसायने हेतुतः घातलेल्या भांड्यांची विक्रीच बंद केली आहे.

म्हणून लेबल वाचताना सावध असावे. ‘पीएफओए-मुक्त’ म्हणजे पीटीएफई-मुक्त नव्हे. ते एक रसायन काढले, थर मात्र तोच असू शकतो. ‘सिरॅमिक’ म्हणून मिळणारी बहुतेक भांडी म्हणजे ॲल्युमिनियमवर दिलेला वाळूच्या कुळातील सिलिकाचा थर. त्यात पीटीएफई नसते ही जमेची बाजू; पण त्याचा न चिकटण्याचा गुण लवकर ओसरतो. दर एकदोन वर्षांनी फेकावे लागणारे भांडे पर्यावरणाचे मित्र कसे म्हणावे?

मग न चिकटणारे, स्वस्त आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे भांडे कोणते? ते आपल्या माळ्यावर पडलेले असण्याचा संभव आहे : बिडाचा तवा आणि लोखंडी कढई. तेलाचा पातळ हात देऊन तवा तापवला की तेलाचा घट्ट, गुळगुळीत थर लोखंडावर बसतो. हे चारसहा वेळा केले की घावन सहज सुटते. कोकणातील गृहिणी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवते, ती हीच क्रिया. असा तवा साबणाने खरवडू नये. कोमट पाण्याने धुऊन, पुसून, कोरडा करून तेलाचे बोट फिरवून ठेवावा.

लोखंडाचा आणखी एक लाभ आमच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती. इथिओपियात झालेल्या एका अभ्यासात, ज्या मुलांचे अन्न वर्षभर लोखंडी भांड्यात शिजले त्यांचे हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढले. ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजलेले अन्न खाणाऱ्यांचे ०.४ ग्रॅमने. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेल्या पदार्थात लोह अधिक उतरते. मात्र पदार्थ शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावा, एरवी तो काळा पडतो आणि त्याला लोखंडाची चव लागते. लोखंडी कढई ही लोहाच्या गोळ्यांना पर्याय नाही, हेही आवर्जून सांगतो. आणि थॅलेसेमिया मेजरचे रुग्ण किंवा ज्यांच्या शरीरात लोह साठते असे रुग्ण घरात असतील, तर त्यांचे अन्न लोखंडात शिजवू नये; डॉक्टरांना विचारावे.

उरलेल्या भांड्यांविषयी थोडक्यात. आमटी, वरण, दूध यांसाठी जाड बुडाचे स्टेनलेस स्टील निर्धोक आहे. ॲल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ शिजवू अथवा ठेवू नयेत. पितळेला शुद्ध कथिलाची कल्हई हवीच, आणि ती उडताच पुन्हा करून घ्यावी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, कढी कळकते, हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. मातीची भांडी उत्तम. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही त्यांची शिफारस केली आहे. मात्र रंगीत, चकाकी दिलेली नकोत, कारण काही चकाक्यांत शिसे असते.

घरी नॉनस्टिक आहे त्यांनी ते आजच फेकण्याची आवश्यकता नाही. आच मध्यम ठेवावी, लाकडी उलथने वापरावे, रिकामे तापवू नये, खिडकी उघडी ठेवावी आणि थर निघू लागला की निरोप द्यावा. त्यानंतर नवे नॉनस्टिक आणण्याऐवजी एक लोखंडी तवा आणावा, एवढीच आमची विनंती आहे.

देणगीदार बंधुभगिनींना एक नम्र सूचना. लग्नकार्यात, डोहाळजेवणात आपण नॉनस्टिकचा संच भेट देतो. त्याच्याहून कमी खर्चात लोखंडी तवा व कढई येते. आमच्या प्रसूती विभागातून घरी जाणाऱ्या, रक्तक्षय असलेल्या गरजू मातांसाठी आपण अशी कढई दिलीत, तर लोहाच्या गोळ्या संपल्यानंतरही त्या घराच्या रोजच्या भाजीत थोडे लोह उतरत राहील. पुण्यात एका पातेल्याचा बदल बालकांचे प्राण वाचवण्यास कारणीभूत झाला होता. आपल्या हातूनही असे साधे, स्वस्त पण टिकाऊ कार्य घडावे, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.