मुलाच्या डोक्याला मार लागल्यास



बैलाला पोटफुगी झाली तर त्याने काय खाल्ले, रवंथ कधीपासून बंद आहे, हे डॉक्टरांनी विचारण्याआधी आपण सांगतो. मूल माळवदावरून पडले म्हणजे मात्र घाबरून हेच सांगायचे राहते. आपल्या जालना जिल्ह्यात माळवद, चिंचेचे झाड, ट्रॅक्टरचा मडगार्ड, ऊसतोडीला निघालेली ट्रॉली या मुलांच्या पडण्याच्या नेहमीच्या जागा आहेत.

डॉक्टर काय पाहतात?

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर मुलाची शुद्ध तपासतात. १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी यासाठी गुणांची पद्धत घालून दिली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६, असे एकूण १५ गुण असतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. तान्ह्या बाळाचे बोलण्याऐवजी रडणे पाहतात.

प्रत्येकाला सी.टी. स्कॅन लागतोच असे नाही. त्यातील क्ष-किरण लहान मुलांना विनाकारण देऊ नयेत. अमेरिकेत ४२ हजारांवर मुलांची पाहणी होऊन २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धोक्याची लक्षणे नसलेल्या मुलांत गंभीर इजा अगदी क्वचित आढळली. म्हणून काही मुलांना डॉक्टर स्कॅन न करता काही तास नजरेखाली ठेवतात. त्याला हयगय समजू नये.

तुम्ही काय सांगावे?

१) किती उंचीवरून व कशावर पडले? दोन वर्षांखालील मुलास ३ फुटांपेक्षा, मोठ्यास ५ फुटांपेक्षा जास्त उंची धोक्याची.
२) किती वाजता पडले? लगेच रडले का? शुद्ध किती वेळ हरपली?
३) उलट्या, झटके, तीव्र डोकेदुखी आहे का?
४) मूल नेहमीसारखे वागते का? हे आईइतके कोणालाच कळत नाही.

पडताना ज्याने पाहिले, त्याला सोबत न्या. बहुधा ते थोरले भावंड असते. मार बसेल या भीतीने ते माळवदाऐवजी ‘ओट्यावरून पडला’ असे सांगते आणि डॉक्टरांचा अंदाज चुकतो. त्याला रागावू नका, खरे सांगू द्या.

हे करू नका

बेशुद्ध मुलाला पाणी पाजू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. टेंगूळ चोळू नका. कानानाकातून रक्त किंवा पाणी येत असल्यास बोळा घालू नका. मान न हलवता फळीवर आडवे न्या. उलटी झाल्यास मान व अंग एकदमच कुशीवर वळवा.

वेळ दवडू नका

धोक्याचे लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरची घाटी सुमारे ६० किलोमीटर, तर मंठा-परतूरकडून हे अंतर शंभराच्या पुढे जाते. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात हाती असलेला वेळ जातो. काही वेळा मूल पडल्यावर उठून खेळते आणि आत रक्त साचत राहून काही तासांनी गुंगीत जाते.

डॉक्टरांनी घरी पाठवले तरी निदान २४ तास लक्ष ठेवा. मूल झोपले तर झोपू द्या, पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अधूनमधून उठवून पाहा. ते ओळखते का, नीट बोलते का? उठवूनही उठत नसेल, पुन्हा उलट्या होत असतील किंवा एक हात-पाय लुळा वाटत असेल, तर रात्र असली तरी निघा.