मिस्सेतला मोबाइल आणि मुलाचं रडणं

आमच्या वसईत चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, म्हणजे मिस्सेला, उशिरा आलेला माणूस लगेच ओळखू येतो. दाराशी पवित्र पाण्यात बोट बुडवून तो कपाळाला, छातीला, खांद्यांना असा भरभर हात लावतो, की ही क्रुसाची खूण की माशी हाकलणं, हे कळू नये. मग उजवा गुडघा टेकायचा. तो अर्ध्यातूनच परत येतो. वास्तविक तो टेकायचा असतो पवित्र पेटीत ठेवलेल्या ख्रिस्तशरीरापुढे, म्हणून तर तिच्याशेजारी दिवा अखंड तेवत असतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वाकून नमन केलं तरी पुरे. 1969 साली तर रोमनं भारतासाठी गुडघ्याऐवजी हात जोडून वाकायला, चपला काढून जमिनीवर बसायला, आरती ओवाळायलाही मुभा दिली. त्यावर तेव्हा बरेच वाद झाले. माझं म्हणणं एवढंच, गुडघा टेका नाहीतर हात जोडा, पण जे कराल ते पुरतं करा.

मोबाइलचं मात्र काय करावं? फादर अंतःकरणं वर उचलायला सांगतात आणि लोक फोन वर उचलतात! ही तक्रार माझी नाही, पोप फ्रान्सिस यांची. 8 नोव्हेंबर 2017 रोजी व्हॅटिकनमधल्या जाहीर भेटीत त्यांनी ती बोलून दाखवली, आणि त्यात धर्मगुरू व बिशपही सोडले नाहीत. आपल्याकडच्या लग्नात फोटोग्राफर थेट वेदीच्या पायऱ्या चढतो. घंटी वाजते, सगळे गुडघ्यांवर असतात, आणि नेमका तेव्हाच तो फादरांकडे पाठ करून नवरीला हनुवटी जरा वर घ्यायला खुणावतो.

त्याला कोणी काही म्हणत नाही, पण लहान मूल रडलं, की अख्खं चर्च वळून आईकडे बघतं. का बरं? हेच पोप 2015च्या जानेवारीत सिस्टाईन चॅपेलमध्ये बाळांना बाप्तिस्मा देताना आयांना म्हणाले होते, भूक लागली असेल तर खुशाल दूध पाजा. भुकेल्या बाळाच्या रडण्यात कसला आलाय अनादर? कडेच्या बाकावर आईला जागा करून द्यावी, म्हणजे गरज पडली तर तिला चटकन बाहेर जाता येईल.

राहिला फोटोग्राफर. लग्नाआधी फादर वधूवरांना बोलावतात, तेव्हा त्यालाही बोलवावं. कुठं उभं राहायचं, हे बिचाऱ्याला बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.