शेतमाल ऑनलाइन विकताना कराचं काय?

आपल्यातले बरेच जण आता आंबा, बेदाणा, लोणचं असा माल मोबाइलवरून थेट गिऱ्हाइकाला विकू लागले आहेत. दलाली वाचते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ऑनलाइन दुकानाकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, "जीएसटी नंबर आहे का?" काही जण घाबरून विक्रीच सोडतात, काही जण चौकशी न करता माल पाठवत राहतात. दोन्हींत नुकसान आपलंच.

पूर्वीचा विक्रीकर, नंतरचा व्हॅट जाऊन १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, आला. त्यात स्वतःच्या जमिनीच्या लागवडीतून आलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला, तेवढ्या विक्रीपुरती, नोंदणीची सक्ती नाही. काम घरच्यांनी केलं काय किंवा आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून करून घेतलं काय, दोन्ही चालतं. बेदाण्याबद्दल शंका होती. शेतकऱ्याने विकलेल्या स्वतःच्या बेदाण्यालाही ही सवलत आहे, असा खुलासा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. मात्र शेजाऱ्याचा बेदाणा विकत घेऊन विकला, की तो व्यापार झाला.

लोणच्याची गोष्ट निराळी. कैरी आपल्या झाडाची असली, तरी लोणचं हा प्रक्रिया केलेला माल आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पण दर उतरला म्हणून नोंदणीचे नियम सुटले, असं समजू नये.

करपात्र माल ऑनलाइन दुकानामार्फत विकायचा तर पूर्वी पहिल्या बाटलीपासून नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला सूट मिळाली. वर्षाची एकूण विक्री ४० लाखांच्या आत हवी, माल राज्यातच विकायला हवा आणि पॅन देऊन जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावरून आधी नावनोंदणी क्रमांक घ्यायला हवा.

समजा, वर्षात आंबा ८ लाखांचा आणि लोणचं २ लाखांचं विकलं. एका पॅनवरची सगळी विक्री मोजतात, म्हणून हिशोब १० लाखांचा. लोणचं पुण्या-मुंबईला जात असेल, तर नावनोंदणी क्रमांक पुरे. पण एक जरी बाटली बेंगळुरूला पाठवायची असेल, तर आधी पूर्ण नोंदणी हवी. मग ती विक्री ऑनलाइन दुकानातून असो की फोनवरून. नोंदणी न करता विकल्यास दंड किमान १० हजार रुपये. लोणच्याचा नफा त्यातच जायचा.

नोंदणीला सरकारी फी नाही. ती घेतल्यावर मात्र विवरणपत्र वेळेवर भरावं, विक्री झाली नसली तरीही; नाहीतर विलंब शुल्क चढतं. ऑनलाइन दुकान नोंदणीकृत विक्रेत्याच्या करपात्र विक्रीतून शंभर रुपयांमागे ५० पैसे कापून सरकारात भरतं. ते पैसे आपले आहेत, संकेतस्थळावर मान्यता देऊन आपल्या खात्यात घ्यावेत. आणि नोंदणी नसेल, तर बिलात कर लावू नये.

तेव्हा मंडळी, माल पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहा: माल शेतातला की प्रक्रियेचा, गिऱ्हाईक राज्यातलं की बाहेरचं आणि वर्षाची विक्री किती. त्यासाठी आजपासूनच एका वहीत प्रत्येक विक्री लिहायला लागा.