आपल्या वाट्याची पाव घागर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे शब्द माझ्याजवळ नाहीत. पण पाणी भरण्यात जन्म गेला, म्हणून पाण्यावरच बोलते.

आपल्याकडची पुष्कळ माणसे कामाला गुजरातेत जातात. तेथल्या अहमदाबाद शहरात नळाचे पाणी आले ते १८९१ साली, दुधेश्वरहून. रणछोडलाल छोटालाल या गिरणीमालकांनी नगरपालिकेत बसून ते काम नेटाने केले. कर वाढेल म्हणून लोकांनी विरोधही केला. पुढे शहर वाढले, साबरमती पुरेना, आणि नर्मदेचे पाणी न्यायचे ठरले.

नर्मदेवरच्या धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसविली. पाण्यावरून राज्यांत तंटा लागला. लवादाचा अखेरचा निवाडा १९७९ साली झाला. तो घरच्या हिशेबाने सांगते. नदीचे पाणी २८ घागरी धरले, तर मध्य प्रदेशास सव्वाअठरा, गुजरातेस नऊ, राजस्थानास अर्धी आणि आपल्या महाराष्ट्रास पाव घागर.

आणि महाराष्ट्रातली बुडिताची गावे ३३, सगळी आपल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली. त्यांत पहिले मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यात तेथली घरे पाण्याखाली गेली. बाया घर सोडीनात, तेव्हा त्यांना अटक झाली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने धरणास परवानगी दिली. २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. आज कालव्याने आलेले नर्मदेचे पाणी साबरमतीच्या पात्रात दिसते.

अहमदाबादच्या बहिणीवर माझा राग नाही. तिच्या लेकरांची तहानही खरीच. पण तंटा राज्याराज्यांचा होता. काठावरच्या बाईला त्यात बोलायला जागा नव्हती.

भगिनींनो, पाणी आधी कागदावर वाहते, मग नळात येते. तो कागद होतो सभेत. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तेव्हा निवडून आलेल्या बाईने सही करण्यापुरते जाऊ नये, आणि आपणही ग्रामसभेचा दिवस स्वयंपाकात घालवू नये. चार जणींनी मिळून जावे आणि विचारावे, "आमच्या पाव घागरीतले किती पाणी आमच्या गावांना मिळणार? बुडालेल्या घरांतल्या बाया आज पाणी कोठून भरतात?"

उत्तर मिळेपर्यंत उठू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.